स्वस्तातली बोल्ट ॲक्शन रायफल आणि नवा स्टॉक: घालू का पैसे?

मिसिसिपीकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बंदुकांवरचे धागे इथे फारसे निघत नाहीत. पण यातलं कळणारे दोन-चार जण इथे आहेत हे जुन्या प्रतिसादांवरून माहीत आहे, म्हणून विचारतो.

मी मिनेसोटात असतो. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका मित्राच्या नादाने राज्याचा सुरक्षा कोर्स केला (बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसून), हरणाचा परवाना काढला आणि .३०८ कॅलिबरची एक बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे ओढायची) रायफल घेतली. चारशे डॉलरच्या आतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा तिच्या बाजूने आणि विरुद्ध असा फाटतो. बॅरल चांगली आहे, बोल्ट बरा, ट्रिगर चालवून घेण्यासारखा, आणि स्टॉक (बॅरल-बोल्ट ज्यात बसतात आणि जो खांद्याला टेकवतो तो भाग) म्हणजे श्रीखंडाचा रिकामा डबा.

अडचण अशी. वाळूच्या पिशव्यांवर ठेवून १०० यार्डांवर मारलं की पाच गोळ्या साधारण सव्वा इंचात बसतात. मला एवढं पुष्कळ आहे. पण बायपॉड (पुढची दोन पायांची घोडी) लावून, झोपून, खांदा जरा पुढे रेटून मारलं की ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, दोन इंचांचा होतो आणि अख्खाच्या अख्खा दीड इंच वर सरकतो. मचाणाच्या कठड्यावर टेकवून मारलं की गोळ्या तिसरीकडेच. बोल्ट काढून, रिकामी खात्री करून, उजेडात धरून बघितलं: स्टॉकचा पुढचा भाग नुसत्या अंगठ्याने दाबला तरी बॅरलला जाऊन चिकटतो.

दुसरं दुखणं गालाचं. स्कोप मोठ्या भिंगाचा घेतला, त्यामुळे तो उंच बसवावा लागला. आता गाल स्टॉकवर टेकवला तर भिंगात अर्धा काळोख, आणि नीट दिसावं म्हणून मान उचलली तर हनुवटी टेकते. बसमध्ये खिडकीबाहेर बघताना लहान पोर जसं लोंबकळतं तसं माझं होतं.

दोनशे डॉलरचा लॅमिनेट लाकडाचा स्टॉक बघितलाय, तीनशेचा पॉलिमरचा आणि चारशेच्या वरची ॲल्युमिनियम चासी (धातूचा सांगाडावजा स्टॉक). बायको म्हणते की रायफलच्या किमतीचा स्टॉक घेणारा माणूस तिने माहेरी कधी पाहिला नाही. काय करू?

खडूस

चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. विका आणि चांगली घ्या. विषय संपला.

उत्तरवारा

खडूसराव, इतका सोपा नाही. जुनी विकायला गेलं की निम्मे पैसे येतात, आणि नवी आठशे-नऊशेची घेतली तरी तिच्या स्टॉकची उंची याच्याच गालाला बसेल याची हमी कोण देणार?

मी अल्बर्टात, बारा वर्षं झाली. या उद्योगात दोन रायफली पालथ्या घातल्या आहेत, तेव्हा जरा लांबण लावतो.

आधी फुकटच्या तपासण्या. पहिली स्क्रूंची. ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला धातूचा भाग) स्टॉकला दोन किंवा तीन स्क्रूंनी धरलेली असते. ते ढिले असले, किंवा एक घट्ट आणि एक सैल असला, तर जगातला सगळ्यात महागडा स्टॉकही काही कामाचा नाही. मोजून आवळायचे, त्यासाठी इंच-पाउंडाचा टॉर्क रेंच लागतो. गाडीच्या चाकांचा रेंच घेऊ नका, तो फूट-पाउंडाचा असतो. एक फूट-पाउंड म्हणजे बारा इंच-पाउंड. या गोंधळात आमच्या क्लबातल्या एकाने स्क्रूचं डोकंच तोडलं. आकडा रायफलच्या पुस्तिकेतून घ्या, फोरमवरून नको, माझ्याकडूनही नको. लाकडाला वेगळा, ॲल्युमिनियमला वेगळा.

दुसरी कागदाची. घडी घातलेली कागदाची पट्टी बॅरल आणि स्टॉक यांच्या फटीत घालून ॲक्शनपर्यंत सरकवा. मोकळी गेली तर बॅरल 'तरंगती' आहे. मग बायपॉड लावून, वजन टाकून तीच पट्टी पुन्हा सरकवून बघा. तुमची तिथे अडकणार, हे तुम्ही लिहिलंच आहे. गोळी सुटते तेव्हा बॅरल थरथरते, दर वेळी जवळजवळ सारखीच, आणि त्या सारखेपणावरच नेम उभा असतो. तिला कुठे कधी जोरात, कधी हळू स्पर्श झाला की थरथर बदलते. बायपॉडवर रेटलं की पुढचा भाग वर वाकून बॅरलला खालून ढकलतो, म्हणून तुमचा ग्रुप वर जातो. पिशवीवर ठेवताना तुम्ही रायफल बहुतेक मॅगझिनच्या (गोळ्यांच्या कप्प्याच्या) जवळ टेकवत असाल, तिथे स्टॉक वाकत नाही. गोळ्या, बॅरल, तुमचा हात, सगळं ठीक आहे. पुढचा फूटभर प्लास्टिक तेवढा नाही.

वीस डॉलरचा उपायही आहे. पुढच्या पोकळीतल्या प्लास्टिकच्या कप्प्यांमध्ये ॲल्युमिनियमची नळी किंवा बाणाच्या कार्बनच्या काड्या बसवून वरून इपॉक्सी ओततात. मी केलंय. दोन सूचना: या प्लास्टिकला इपॉक्सी मनापासून धरत नाही, म्हणून आतून खरखरीत करून थोडी भोकं पाडायची, आणि एकदम ओतायचं नाही, सुकताना ते तापतं आणि डबा वाकडा होतो. थराथराने. दिसायला भयाण, पण कडक होतं.

विकतच घ्यायचा असेल तर तुमचं मॉडेल काय ते बारकाईने बघा. एकाच नावाच्या रायफलच्या तीन-तीन आवृत्त्या असतात. रुगर अमेरिकनचंच घ्या: २०११ पासूनची, पण कुणाचं मॅगझिन गोल फिरणारं, कुणाचं एआय पद्धतीचं (डब्यासारखं, काढता येणारं), एका छोट्या आवृत्तीचं तर एआर रायफलचं. स्टॉकची पोकळी प्रत्येकासाठी निराळी. सॅव्हेज ॲक्सिसला सॅव्हेज ११० चा स्टॉक बसत नाही, कंपनी एक असली तरी. शॉर्ट ॲक्शन की लाँग, डावरी की उजवी, बॅरल जाड की बारीक, एवढं लिहून घेऊन मगच ऑर्डर.

लॅमिनेटमध्ये बॉइड्स, ते साउथ डकोटातल्या मिचेलचे, तुमच्या शेजारच्याच राज्यातले. पॉलिमरमध्ये मॅगपुलचा हंटर अमेरिकन आहे, तो रुगर अमेरिकन शॉर्ट ॲक्शनसाठीच केलेला. आत ॲल्युमिनियमचा ठोकळा, आणि मागे पट्ट्या घालून लांबी वाढवता येते. चासीत एमडीटीचा ओरिक्स, आमच्याकडच्या ब्रिटिश कोलंबियातल्या चिलीवॅकचा. यातला कुठला तुमच्या रायफलसाठी निघतो ते तुम्हालाच बघावं लागेल, कारण तुम्ही नावच सांगत नाही :)

अबोली

उत्तरवारा यांना +१, फक्त गालाचा मुद्दा त्यांनी सोडला. माझ्या मते तोच मोठा आहे.

मी कोलोरॅडोत क्लबात .२२ च्या स्पर्धा खेळते. माझी उंची पाच फूट एक इंच. इथल्या दुकानातली कुठलीही रायफल उचलली की ती कुणा सहा फुटी माणसाचा कोट अंगात घातल्यासारखी वाटते. ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर बहुतेक ठिकाणी पावणेचौदा इंचांच्या आसपास असतं, मला साडेबारा लागतं. जुनी पद्धत अशी: कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचा आणि बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर येतं का बघायचं. अगदी अचूक नाही, पण दुकानात उभ्याउभ्या करता येते. आणि तुम्ही मिनेसोटात आहात. नोव्हेंबरात जो जाडजूड कोट घालून मचाणावर बसाल तो घालूनच मोजा. कोटानेच खांदा इंचभर पुढे येतो.

स्वप्नील कुसाळेचा स्टॉक कधी निवांत बघितलात का? कांबळवाडीचा, राधानगरी तालुक्यातला, पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकलं तो. सामना गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून असा तिन्ही प्रकारे असतो, आणि प्रकार बदलला की खेळाडू गालाचा तुकडा, मागची प्लेट, हाताचा अडसर सगळं मिलिमीटरात सरकवतात. रायफल तीच, बॅरल तीच. शरीर बदललं म्हणून स्टॉक बदलला. गाल दर वेळी एकाच जागी टेकला तर डोळा दर वेळी भिंगाच्या मध्यावर येतो. तुमचा डोळा दर गोळीला वेगळ्या ठिकाणी असणार, त्यामुळे सव्वा इंचसुद्धा तुम्ही मेहनतीने काढताय.

दोनशे घालवायच्या आधी तीस डॉलरची पट्ट्याने बांधायची गालाची गादी घ्या. तीही नको असेल तर योगा मॅटचा तुकडा आणि चिकटपट्टी. रेंजवर लोक हसतील, हसू देत. एक महिना मारा. किती उंची लागते ते कळेल, आणि मग स्टॉक घेताना गालाचा तुकडा वरखाली होणारा घ्यायचा की साधा, हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही. आणि स्टॉक बदलला की स्कोप पुढे-मागे पुन्हा बसवायचा, हे विसरू नका. डोळा आणि भिंग यांत तीन-साडेतीन इंच नसतील तर .३०८ भुवईवर सही करून जाते.

मुगाची_खिचडी

हरणांनी काय बिघडवलंय तुमचं? इतका पैसा, इतकी बुद्धी, आणि कशासाठी.

मिसिसिपीकाठचा

खिचडी, प्रश्न रास्त आहे, पण तो वेगळ्या धाग्याचा. काढा, येईन.

डुकरांचा_मारा

आम्ही चंदगडकडचे. ऊस आणि डुक्कर यांचं नातं इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. घरात आजोबांच्या नावची .३१५ रायफल होती, आता पीक संरक्षणाच्या परवान्यावर वडिलांच्या नावावर आहे. दस्ता तडकलाय, तार गुंडाळून चालवतोय. असला अमेरिकेचा स्टॉक तिला बसेल का? येताना कुणी घेऊन येईल का?

एनसीसी_९१

नाही, आणि नाही.

.३१५ म्हणजे बहुधा ईशापूरची, इंडियन ऑर्डनन्सची. ती ली-एन्फिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलच्या घराण्यातली. तिचं लाकूड एकसंध नसतं: मागचा दस्ता वेगळा, तो आतून लांब बोल्टने आवळलेला, पुढचं लाकूड वेगळं. इथे चर्चा चाललीय ती एका तुकड्याच्या स्टॉकची, त्यांचा तुमच्या रायफलशी संबंध नाही. आम्ही कॅम्पात .२२ वर शिस्त धरायला शिकलो, तिचाही दस्ता असाच वेगळा निघायचा, आणि निघाला की उस्ताद आम्हाला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे.

आणि विमानातून कुणाला काही आणायला सांगू नका. बंदुकीच्या भागांना तिकडून पाठवायचे नियम वेगळे, इकडे आणायचे वेगळे, मध्ये सापडेल तो आणणारा. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवानाधारक कारागिराचंच काम आहे. जिल्ह्याच्या गावी परवान्याचा आर्मरर शोधा, लायसनची प्रत घेऊन जा, सागवान किंवा अक्रोडात तो दस्ता करून देईल. तार काढा आधी. तडकलेला दस्ता दणक्याने उघडला तर पहिला मार वडिलांच्या अंगठ्याच्या बेचक्याला बसतो.

पीक संरक्षणाच्या परवान्याने डुक्कर मारायची आपोआप मुभा मिळत नाही, त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी. तुम्हाला माहीत असेलच, वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

एच१ची_वाट

थोडं अवांतर. मी टेक्सासमध्ये एच१बीवर आहे. मित्र म्हणतात, व्हिसावर असताना रायफल घेता येत नाही. मग वरच्या लोकांनी कशी घेतली?

अबोली

माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, पण त्याला अपवाद आहेत, आणि नेहमीचा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, हे लोक विसरतात, आणि रायफल कपाटात तशीच राहते. मी वकील नाही. व्हिसाचा प्रश्न आहे, शंभर-दोनशे डॉलर देऊन वकिलाला विचारा, रेंजवरच्या दोस्ताला नको.

आणि स्टॉक नुसताच मागवला तर तो घरपोच येतो. इथे कायद्याने बंदूक म्हणजे रिसीव्हर (ॲक्शनचा धातूचा सांगाडा), त्याच्या भोवतीचं लाकूड नव्हे.

सुतारपक्षी

उशिरा आलो. बंदुकीतलं मला विशेष कळत नाही, पण लाकडातलं कळतं. सांगलीत चाळीस वर्षं फर्निचर केलं. मुलाकडे सिएटलला सहा महिने होतो तेव्हा त्याच्या शेजाऱ्याच्या रायफलला बेडिंग करायला मदत केली होती, तेवढ्या बळावर लिहितो.

धागाकर्त्या, लॅमिनेट घेणार असलास तर हे समजून घे. लॅमिनेट म्हणजे बर्चसारख्या लाकडाचे पातळ पापुद्रे, रंगवून, रेझिन लावून, दाबाखाली एक केलेले. अखंड लाकडापेक्षा हे पाणी कमी पितं आणि कमी फिरतं. कमी, म्हणजे अजिबात नाही असं नव्हे. आमच्याकडच्या दारांना जून-जुलैत विचार. जिथे जिथे तू पॉलिश पेपर मारशील तिथे लाकूड उघडं पडेल, आणि तिथून ते पाणी पिणार. तुझ्याकडे तर बर्फ. घासलेल्या प्रत्येक जागेला तेलाचा किंवा वॉर्निशचा हात द्यायचाच, दिसत नाही म्हणून सोडायचं नाही.

स्क्रू जिथून जातात तिथे धातूच्या नळ्या बसवलेल्या आहेत का बघ, त्यांना पिलर म्हणतात. नसतील तर स्क्रू आवळला की लाकूड दबतं, आठ दिवसांनी पुन्हा ढिलं, पुन्हा आवळा. फर्निचरलाही हेच होतं, पण टेबलावर कुणी .३०८ उडवत नाही.

बेडिंग म्हणजे ॲक्शन आणि लाकूड यांच्या मधल्या फटीत इपॉक्सीचा साचा. रिकॉइल लगच्या (ॲक्शनखालच्या, दणका पेलणाऱ्या धातूच्या कानाच्या) मागच्या बाजूला ती बैठक घट्ट हवी, कारण सगळा दणका तिथेच येतो. शेजाऱ्याने मेण लावलं होतं, बुटाचं पॉलिशही चालतं म्हणे. काहीही लाव, पण प्रत्येक कोपऱ्यात, स्क्रूच्या आट्यांतसुद्धा. आणि ॲक्शनला जी भोकं, खाचा असतात त्या मातीने बुजव. तिथे इपॉक्सी शिरून सुकलं की रायफल आणि स्टॉक यांचं लग्न लागतं, आणि काडीमोड फक्त करवतीने.

मिसिसिपीकाठचा

काका, इतकं बारीक कुणी सांगत नाही. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, फोनवर त्रास देईन.

आधी अबोलीताईंची गादी मागवतो.

मिसिसिपीकाठचा

दोन महिन्यांनी परत आलोय. काय केलं ते लिहितो, धागा अर्धवट सोडला असं नको.

गादी लावली. बायपॉडवरचा दोन इंचांचा ग्रुप पावणेदोनवर आला, पिशवीवरचा सव्वाचा एकवर. म्हणजे मान उचलण्यात पाव इंच जात होता. पण बायपॉडवर ग्रुप वर सरकणं काही थांबलं नाही. इपॉक्सी ओतायला सगळं सामान आणून ठेवलं होतं, आणि मग एका रविवारी तो डबा हातात घेऊन बघत बसलो आणि लॅमिनेट मागवला. गालाचा तुकडा वरखाली होणारा. कुणाचा ते विचारू नका, कारण पुढे थोडी तक्रार आहे.

बॅरलची खाच एका बाजूने अरुंद निघाली. कागदाची पट्टी निम्म्यावर अडायची. सॉकेटच्या डब्यातलं बॅरलपेक्षा थोडं जाड सॉकेट घेतलं, त्याला पॉलिश पेपर गुंडाळला आणि टीव्ही बघत तीन संध्याकाळी घासलं. घरभर तपकिरी धूळ. बायको बोलली नाही, तेच जास्त लागलं.

बेडिंगला काका फोनवर होते, सांगलीत पहाटेचे साडेपाच. माती बुजवायला माझ्याकडे मंडळाच्या गणपती कार्यशाळेतली उरलेली शाडू होती, ती वापरली. काकांना ऐनवेळी सांगितलं तर ते म्हणाले, "अरे शाडू सुकते आणि भेगा पडतात, तेलाची माती हवी!" तोवर मी इपॉक्सी कालवून बसलो होतो. शाडू खरवडून काढायला आणि पोरीच्या खेळातली रंगीत तेलकट माती भरायला सात मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी स्क्रू काढले आणि ॲक्शन हलेना. दहा मिनिटं मी तसाच बसलो. मग काकांनी सांगितलं म्हणून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवली, आणि बॅरलच्या टोकाशी हलकेच वर ओढल्यावर टक् आवाज करून सुटली. मातीचा जांभळा डाग अजून बैठकीत आहे.

आता आकडे. पिशवीवर एक इंच, बायपॉडवर एक इंचाच्या किंचित वर, कठड्यावर तेवढाच. पिशवीवरचा ग्रुप गादीने जो झाला होता तोच राहिला, नव्या स्टॉकने तो एक दोराही कमी केला नाही. पण तिन्ही ग्रुप आता अर्ध्या इंचाच्या आत एकमेकांवर पडतात. दीड इंचांचं ते सरकणं गेलं. याचेच दोनशे डॉलर दिले असं मी धरतो. वजन अर्धा किलो वाढलं, मचाणापर्यंतच्या वाटेवर जाणवतं. दणका मात्र कमी लागतो.

खडूसराव, हिशेब: स्टॉक, रेंच, इपॉक्सी, गादी मिळून पावणेतीनशे.

खडूस

मसाला बाराच आण्यांचा झाला. पण ग्रुपचे फोटो टाका.

उत्तरवारा

फ्रीजरची युक्ती नोंदवून ठेवली. पहिल्या वीसेक गोळ्यांनंतर स्क्रू पुन्हा रेंचने तपासा, नवी बैठक थोडी बसते.

डुकरांचा_मारा

आर्मरर सापडला. सागवानात करतोय. लायसनची प्रत आणि वडील, दोन्ही समक्ष हवे म्हणाला.

सुतारपक्षी

सगळं वाचलं. तीन संध्याकाळी जी खाच घासलीस तिला तेलाचा हात दिलास का?

मिसिसिपीकाठचा

काका, नाही. राहिलंच.

सुतारपक्षी

मग आज रात्री दे. पातळ, दोनदा, मध्ये एक दिवस सोडून.